कच्चं जिवंत, पक्कं मेलेलं : चित्र नेमकं कुठे मरतं?

रेघोट्या | ६ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी चित्रकार वगैरे नाही. हिंजवडीत नोकरी, आणि गेली दोन वर्षं रविवारी सकाळी वही घेऊन पुण्याच्या पेठांमध्ये हिंडायचं, एवढाच उद्योग.

मे महिन्यात कसब्यात, तांबट आळीत एका पायरीवर बसून एक स्केच केलं. वही ए-फाइव्ह, आडवी धरलेली, पेन्सिल ४बी, वेळ चार-पाच मिनिटं. तेवढ्यात समोर टेम्पो येऊन उभा राहिला आणि विषय संपला. एक काका घंगाळावर ठोके घालत बसलेत, मागे हंड्यांची रांग, वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप. हातोड्याचा हात घाईत तीनदा काढला गेला, एकावर एक, कारण तो हात थांबतच नव्हता. चेहरा म्हणजे दोन रेघा. पण ते पान ज्याला दाखवावं तो म्हणतो, "अगं, याचा आवाज येतोय!"

आता अडचण. ऑक्टोबरात आईची साठी आहे. तिचं माहेर कसब्यातलं. ठोक्यांचा आवाज आल्याशिवाय दुपारची झोप लागायची नाही, असं ती अजून सांगते. म्हणून हे चित्र मोठं करून, रंगवून, फ्रेम करून तिला द्यायचं ठरवलं. जूनमध्ये चार वेळा केलं. चारही वेळा मेलं. दुसरा शब्दच सुचत नाही. प्रमाण बरोबर, बोटं बरोबर, हंडे मोजून बरोबर, रंगही बरे आहेत. पण काका पुतळ्यासारखे बसलेत आणि हातोडा हवेत टांगलाय.

पद्धत सांगते. स्केचचा फोटो काढला, मोठा प्रिंट घेतला, खिडकीच्या काचेला लावून ट्रेस केला, तो ३०० जीएसएमच्या जाड कागदावर उतरवला, नको त्या रेघा खोडल्या आणि मग जलरंग. यात कुठे चुकतंय? कच्च्यापासून पक्क्यापर्यंत जाताना तुम्ही काय काय करता ते सविस्तर सांगा. चित्रच पाहिजे असं नाही, कुठलीही कला चालेल.

(एक जिवंत आणि चार मेलेली, पाचांचे फोटो खाली टाकलेत. हसू नका.)


मूकवाचक | ७ जुलै, सकाळी ७:१५

वाखुसा (वाचनखूण साठवली). खुर्ची टाकून बसलोय.


पिक्सेलपंत | ७ जुलै, सकाळी ९:५०

चौथा फोटो झूम करून बघितला. रेघ केसाळ झालीय. एका लांब रेघेऐवजी पंधरा बारक्या रेघा जोडल्यात, हो ना? कारण साधं आहे. ए-फाइव्हवर तुम्ही मनगटाने काढलंत. तुमचा मोठा कागद अर्धा इम्पीरियल दिसतोय, १५ बाय २२ इंच. म्हणजे चित्र अडीच पटीहून मोठं झालं. तीच रेघ आता मनगटाच्या टप्प्यात येत नाही, ती कोपरातून नाहीतर खांद्यातून यायला हवी. तुम्ही मात्र टेबलावर ओणवं बसून, हात कागदावर टेकवून तुकड्या-तुकड्यांत काढताय.

उभ्या राहा. कागद भिंतीला लावा. पेन्सिल टोकाशी धरू नका, मागे धरा. आधी रद्दी कागदावर तो खांद्यापासून हातोड्यापर्यंतचा बाक वीस वेळा ओढा.

मी टॅब्लेटवर काम करतो, तिथे हा रोग आणखी वाईट. खालचा लेयर फिका करायचा, वर नवा लेयर घेऊन गिरवायचं, मग तो फिका करून परत गिरवायचं. तिसऱ्या लेयरला माणूस इस्त्री करून टांगल्यासारखा दिसतो. त्यामुळे मी आता फार तर एकदाच गिरवतो, आणि तेही फक्त मोठ्या आकारांसाठी.


खडूफळा | ८ जुलै, दुपारी ४:०५

आधी एक खुलासा. चित्र मेलं वगैरे काही नसतं. तुम्ही ते मारलंत. रागावू नका, चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना पोरं बसवली, त्यामुळे पुरावे कुठे बघायचे ते कळतं.

स्केच करताना तुम्ही माणसाकडे बघत होतात. ट्रेस करताना रेघेकडे बघत होतात. माणूस तिथेच उठून गेला. पुढचे तीन आठवडे तुम्ही रिकाम्या जागेवर रंग देत होतात.

आता पुरावा क्रमांक एक. वहीत उजवीकडचा हंडा पानाच्या कडेने कापला गेलाय. काकांचा गुडघाही. मोठ्या चित्रात हंडा अख्खा, गुडघा अख्खा! का? कारण ए-फाइव्ह पान अर्ध्या इम्पीरियलवर नेमकं बसत नाही. उंची जुळवली की आडवी पाऊण इंच जागा उरते. ती जागा उरली म्हणून तुम्ही हंडा पुरा करून टाकलात. पाऊण इंचासाठी काका मधोमध आले आणि फोटो स्टुडिओत बसल्यासारखे दिसायला लागले. वहीतले काका कामात होते, तुम्ही त्यांना पाहुणा म्हणून बसवलंत. कागद कापता येतो हो. आधी चौकट ठरवायची, मग कागद फाडायचा.

पुरावा क्रमांक दोन, खोडरबर. जलरंगाच्या कागदाला वरून सरसासारखा थर असतो, म्हणून रंग वर तरंगतो आणि उजळ दिसतो. तुम्ही रबर घासघासून तो थर उडवलात. तिसऱ्या फोटोत छातीपाशी मळकट डाग आहेत ना, तिथे रंग कागदात शिरलाय. खोडायचंच असेल तर पुट्टी रबर (कणकेसारखं मऊ असतं ते) टेकवून उचलायचं, घासायचं नाही. आणि वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, दिल्यावर खालची पेन्सिल खोडली जात नाही हेही लक्षात ठेवा. म्हणजे रंगाआधी जी रेघ ठेवाल ती जन्माची.

पण खरी चूक याच्याही आधीची आहे. स्केच आणि पक्कं चित्र यांच्यामध्ये तुमच्याकडे काहीच नाही. अहो, पायथ्यापासून थेट पर्वतीच्या देवळात उडी मारताय, मधल्या पायऱ्या कुठायत? काडेपेटीएवढे चौकोन आखा. प्रत्येकात तेच दृश्य, पण फक्त तीन छटांत: कोरा कागद, मधला राखाडी, गडद काळा. तपशील नाही, बोटं नाहीत, घंगाळाचे कान नाहीत. डोळे बारीक करून बघा, काळोख कुठे जुळतो, उजेड कुठे एकवटतो. असे दहा-बारा करा. एकेकाला तीन मिनिटं लागतील. चित्राचा निकाल तिथेच लागतो, रंगात नाही. तुमच्या चारही चित्रांत सगळं मधल्या राखाडीत आहे. तिरीप आहे म्हणता, पण तिच्या शेजारी काळोखच नाही. मग ती दिसणार कुठून?

आणि आता गृहपाठ. इंटरमिजिएटला स्मरणचित्र असतं, आठवत असेल. वही कपाटात टाका. आठ दिवस उघडायची नाही. मग कोऱ्या कागदावर ते दृश्य आठवून काढा. जे आठवलं नाही ते चित्रात नको होतं. जे आठवलं ते तुमचं चित्र.

कॉन्स्टेबल नावाचा इंग्रज निसर्गचित्रकार त्याच्या मोठमोठ्या, सहा फुटी चित्रांआधी त्याच मापाचं कच्चं चित्र तैलरंगात करायचा. प्रदर्शनात पाठवायचं ते वेगळं, हे स्वतःसाठी. आज अनेकांना ती कच्चीच जास्त आवडतात, मलाही. म्हणजे हे दुखणं तुमचं एकटीचं नाही, दोनशे वर्षं जुनं आहे.


मूकवाचक | ८ जुलै, दुपारी ४:३०

सर, मी इंटरमिजिएटला स्मरणचित्रात भाजीवाली काढली होती. सी ग्रेड. बहुधा तुम्हीच तपासलं असणार.


खडूफळा | ८ जुलै, संध्याकाळी ६:१०

सगळेच भाजीवाली काढायचे. नाहीतर बसस्टॉप. सी मिळाली म्हणजे नशीब काढलंत.


तिसरी_घंटा | ८ जुलै, रात्री ११:५५

ताई, सेम टू सेम प्रॉब्लेम नाटकात. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक स्पर्धेसाठी एकांकिका बसवत होतो. स्क्रिप्टचा पत्ता नाही, नुसती सिच्युएशन: दोन भाऊ, वडिलांची स्कूटर विकायचीय. पहिल्या दिवशी इम्प्रोवायझेशनमध्ये असला भारी सीन झाला की बघणारे रडले. एकाने तो मोबाइलवर रेकॉर्ड केला, शब्दन् शब्द लिहून काढला, ती झाली संहिता. पाठ करून बसवला. डब्बा. रोज डब्बा. तेच शब्द, तोच पॉज, आणि काही म्हणजे काहीच होईना.

मग एक सीनियर येऊन बसला. त्याने कागद काढून घेतले. मोठ्या भावाला कानात सांगितलं, "तुला स्कूटर विकायची नाहीये, पण ते कबूल करायचं नाहीये." धाकट्याला वेगळंच काहीतरी सांगितलं, ते आजही त्याने आम्हाला सांगितलेलं नाही. आणि म्हणाला, करा. सीन परत आला! शब्द निम्मे वेगळे, पण तोच सीन. मग त्याच्यावरून पुन्हा लिहिलं. असं चारदा. भरत नाट्यच्या स्टेजवर जे झालं त्यात पहिल्या दिवशीचं एकच वाक्य उरलं होतं.

तर माझं म्हणणं, तुम्ही रेकॉर्डिंग पाठ करताय.


कसब्यातली | ९ जुलै, सकाळी १०:२०

मी चित्रातलं काही सांगू शकत नाही, पण आळीतलं सांगते. माझं सासर तिथून दोन घरांवर.

तुमच्या मोठ्या चित्रात काकांनी हातोडा पार डोक्यापर्यंत उचललाय. असं कुणी मारत नाही हो. भांडं फुटेल, नाहीतर खांदा निखळेल. माठारकामात, म्हणजे भांड्यावर ठोके पाडताना, हात जेमतेम वीतभर उठतो. मनगटावर काम चालतं. फिरतं ते भांडं! ते जाड लोखंडी दांड्यावर पालथं टेकवलेलं असतं आणि डावा हात ते ठोक्यागणिक जरासं फिरवत राहतो, म्हणून ठोके ओळीने, एकाशेजारी एक पडतात. बघणाऱ्याचं लक्ष हातोड्याकडे जातं, करणाऱ्याचं डाव्या हाताकडे.

आणखी एक. हातोड्याचं तोंड आरशासारखं घासलेलं असतं. त्याला ओरखडा असला तर प्रत्येक ठोक्यात तो ओरखडा उमटतो. म्हणून माठारलेलं तांबं असं लखलखतं. आता बरीच भांडी यंत्रावर आकार घेऊन येतात, ठोके मात्र हातानेच. आणि ते नुसते शोभेला नसतात, ठोकल्याने पत्रा कडक होतो. फार ठोकला तर तडकतो, मग भट्टीत लाल करून मऊ करून घ्यायचा आणि परत ठोकायचा.


खडूफळा | ९ जुलै, सकाळी ११:००

उत्तम माहिती. आता कुणीतरी येऊन 'चित्रही असंच तापवून ठोकायचं असतं' वगैरे उपमा देईल, त्याआधी मी कामाचं सांगतो. ठोक्यांमुळे घंगाळावर उजेडाचा एक सलग पट्टा नसतो, ठिपक्यांची माळ असते. प्रत्येक खळगा म्हणजे एक छोटा आरसा. तुम्ही प्लास्टिकच्या बादलीवर येते तशी एकच पांढरी रेघ ठेवलीय. म्हणून ते घंगाळ तांब्याचं वाटत नाही, विटकरी बादली वाटते. शिवाय तांब्यावरची चमक पांढरीफेक नसते, तांबं उजेडालाही आपला रंग लावतं. ठिपके कोरे सोडा आणि अगदी शेवटी, सगळं वाळल्यावर, त्यांतल्या बहुतेकांवरून नारिंगीचं पाणी फिरवा. दोन-तीनच पांढरे ठेवा.

आणि सोनेरी-तांबेरी चमकीचा रंग आणलात तर या धाग्यावर पुन्हा येणार नाही.


मूकवाचक | ९ जुलै, सकाळी ११:०४

चित्रही असंच तापवून ठोकायचं असतं.


खडूफळा | ९ जुलै, सकाळी ११:०६

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).


रेशीमटाका | १० जुलै, दुपारी ३:३०

ट्रेसिंगला सगळे नावं ठेवताहेत म्हणून लिहिते. माझं वय बहात्तर, भरतकामाचे वर्ग घेत असे. आमच्याकडे ट्रेसिंगशिवाय पानही हलत नाही. नक्षी कागदावर काढायची, रेघेवर टाचणीने भोकं पाडायची, कागद साडीवर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवायचा. कागद उचलला की खाली ठिपक्यांची नक्षी. कापडावर खोडता येत नाही, मग काय करणार? खडूफळा सर, जुने चित्रकारही भोकं पाडलेल्या कागदावरून कोळशाची पूड झाडून असाच खाका उतरवत, मोगल काळापासून. त्यांची चित्रं मेलेली आहेत का?

पण मुली, एक फरक आहे. ते ठिपके म्हणजे नक्षी नव्हे. कोयरी कुठे वळते, देठ कुठून निघतो, एवढंच ते सांगतात. मधली रेघ सुईच काढते. दोन ठिपक्यांच्या मधे टाका किती झुकवायचा हे कागदावर नसतंच. वर्गातल्या ज्या मुली ठिपक्यांवर तंतोतंत टाके घालायच्या त्यांचं काम नीटनेटकं असायचं आणि मोर मात्र कोंबडीसारखा दिसायचा.


खडूफळा | १० जुलै, संध्याकाळी ५:४५

ताई, बरोबर आहे तुमचं. ट्रेसिंगवर मी सरसकट बोललो. ठिपके उतरवा, रेघ उतरवू नका, असं म्हणायला हवं होतं.


पिक्सेलपंत | १० जुलै, संध्याकाळी ५:५०

तारीख नोंदवून ठेवा मंडळी. सर चूक कबूल करताहेत.


मातीतला | १४ जुलै, रात्री १२:३०

आत्ता कामं उरकली. सीझन चालू आहे, थोडक्यात लिहितो.

शाडूत मोठी मूर्ती करायची तर आधी वीतभर उंचीचा नमुना करतो. त्यात डोळे, बोटं, दागिने काही नसतं. फक्त बसणं कसं, मान कुठे झुकली, सोंडेचं वजन कुठे पडलं. तो नमुना बघून मोठी करतो, मोजून नाही करत. मोजून केली की अंगात बसते पण जीव नाही धरत. आणि तोल बदलतोच. वीतभर मूर्तीत जो हात शोभतो तो तीन फुटांत बारीक दिसतो.

मोठ्यातही सगळी मूर्ती एकदम पुढे न्यायची. पोटावर थोडं, मग हातावर, मग पाटावर. आमच्याकडे नवीन पोरगं आलं की पहिल्यांदा चेहरा घासूनपुसून गुळगुळीत करतं, बाकी अंग नुसता गोळा. मग पाठ वळवावी लागली की चेहरा मोडायला जीव धजत नाही त्याचा. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करतात ते उगाच नाही.

ताईंच्या दुसऱ्या फोटोत चेहऱ्याला मिशीचे केस दिसतात. स्केचमध्ये दोन रेघा होत्या.


रेघोट्या | १४ जुलै, रात्री १२:५०

मिशीवर मी पूर्ण शनिवार घालवला होता. :(


रेघोट्या | २० जुलै, रात्री १०:१५

गृहपाठ केला. वही आईच्याच कपाटात ठेवली होती (तिला माहीत नाही). आज अकरा दिवसांनी कोऱ्या कागदावर आठवून काढलं.

गंमत झाली. हंडे आठवलेच नाहीत! किती होते, कसे होते, काही नाही. मागे नुसता काळोख काढला गेला. काकांचा चेहरा आठवला नाही. आठवलं काय, तर तिरीप, तिच्यात तरंगणारी धूळ, घंगाळाची कड आणि त्या कडेवरची डाव्या हाताची चार बोटं. बोटं मी स्केचमध्ये काढलीच नव्हती! म्हणजे बघितली होती पण वहीत आली नव्हती. कसब्यातली यांचा प्रतिसाद वाचल्यामुळे आठवली की खरंच आठवली, सांगता येत नाही. पण हातोडा मात्र कागदावर कोपऱ्यात गेला आणि डावा हात मध्यावर आला.

जूनमध्ये मी ज्या चेहऱ्यावर आणि हंड्यांवर जीव काढला, ते माझ्या आठवणीत नव्हतेच. जरा वेळ नुसती बसून राहिले.


खडूफळा | २१ जुलै, सकाळी ८:००

आता वही उघडू नका. आळीत जा.


रेघोट्या | ४ ऑगस्ट, रात्री ९:३०

तीन शनिवार जाऊन आले. काका आता ओळखतात. पहिल्या दिवशी त्यांनी वही मागून घेतली, पानं उलटली आणि म्हणाले, "हात एवढा वर कशाला?" कसब्यातली, तुम्हाला शतशः धन्यवाद आणि थोडासा राग.

एकूण बावीस पानं झाली. फक्त डावा हात अशी नऊ. काडेपेट्या चौदा. त्यांतली अकरावी पक्की केली: काका डाव्या कडेने खांद्यापाशी कापलेले, चेहरा जवळजवळ काळोखात, तिरीप थेट घंगाळावर. हंडे दोनच, तेही अर्धे.

मग पिक्सेलपंत म्हणाले तसं भिंतीला स्वस्तातला पोस्टर कागद चिकटवून, उभं राहून कोळशाने पूर्ण मापाचं कच्चं केलं. दुसऱ्या दिवशी खांदा दुखला. पण त्या बाकात काहीतरी होतं. आणि रेशीमटाका आजी, मी ते काचेवर ठेवून गिरवलं नाही. फक्त खुणा उतरवल्या: घंगाळाच्या कडेची दोन टोकं, कोपर, तिरीप जिथे सुरू होते ती जागा. सहा-सात ठिपके असतील.

आणि मग रंग. आणि मग सत्यानाश. काळोखाचा वॉश ओला असतानाच त्यात खालून पाणी सरकलं आणि बरोबर काकांच्या छातीवर फुलकोबी (तसा पसरट डाग) उमलली. दोन तास झाले तरी कागद थंडगारच. पुण्यातल्या पावसाला जलरंग कसा वाळवायचा हो?


खडूफळा | ५ ऑगस्ट, सकाळी ७:४५

वाळवायचा नाही. थांबायचं. या हवेत कागद वरून कोरडा दिसतो पण आत ओल धरून असतो, त्यावर पाणीदार ब्रश टेकवला की फुलकोबी ठरलेली. तळहाताची मागची बाजू कागदाला लावून बघा, गार लागला तर ओला आहे. हेअर ड्रायर चालतो, पण हातभर लांबून. जवळून मारलात तर रंग कडेला पळतो. ऑक्टोबराला वेळ आहे. गणपती होऊ द्या, हवा कोरडी होईल. तोवर काळोखाचा सराव करा. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) मिसळा, ट्यूबमधला काळा नको. दोन्हींचं प्रमाण बदललं की तोच काळोख कधी ऊबदार होतो, कधी गार.


पिक्सेलपंत | ५ ऑगस्ट, सकाळी १०:१०

आणि मोबाइलवर चित्राचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. अकराव्या काडेपेटीशेजारी ठेवून बघा. दोन्ही सारख्या दिसल्या पाहिजेत. मी दर अर्ध्या तासाने बघतो. रंग फसवतात, राखाडी फसवत नाही.


तिसरी_घंटा | ५ ऑगस्ट, रात्री ११:३०

अवांतर: शनिवारी आळीत जाता तेव्हा मिसळ कुठे खाता?


कसब्यातली | ६ ऑगस्ट, सकाळी ९:००

तो वेगळा धागा काढा. इथे सुरू झालं तर दिवाळीपर्यंत चित्र राहील बाजूला.


रेघोट्या | २८ सप्टेंबर, रात्री ११:२०

धागा वर काढतेय. झालं. म्हणजे, मी थांबले.

गणपतीनंतरच्या पहिल्या कोरड्या रविवारी सकाळी सातला बसले. बसले म्हणजे उभी राहिले. कागद पाण्याने भिजवून, फळीला चारही बाजूंनी टेपने ताणून आदल्या रात्रीच ठेवला होता. त्यावर तेच सहा-सात ठिपके, आणि मग कच्च्याकडे न बघता थेट पेन्सिलने हात काढला. पहिला जरा उंच गेला. खोडायला रबर उचललं आणि सर आठवले, ठेवून दिलं. दुसरा खाली काढला. तोही किंचित चुकला, तिसरा बरोबर बसला. म्हणजे परत तीन हात झाले! ठरवून नाही, मला खरंच शोधावा लागला म्हणून. आता वरच्या दोन फिकट रेघा वॉशच्या खाली कायमच्या राहिल्यात. जूनमध्ये हेच तीन हात मी ट्रेस करून त्यांतले दोन खोडले होते.

काळोख एका दमात दिला. हातोड्याची मागची कड त्यात विरघळू दिली. हातोडा कुठे संपतो ते दिसत नाही. जून महिन्यातल्या मला हे सहनच झालं नसतं. घंगाळावर ठिपके कोरे सोडत गेले, कंटाळवाणं काम, पाऊण तास लागला. काकांच्या ठोक्यांसारखे ओळीने सोडायला गेले तर ते बुंदीसारखे दिसायला लागले, मग तिरीप जिथे पडते तिथेच दाट ठेवले आणि बाकीचे बुजवले. वाळल्यावर नारिंगी. पांढरे तीनच ठेवलेत सर, मोजून.

साडेनऊला जमीन राहिली होती. खाली सगळा कोरा कागद. ब्रश भरून घेतला, मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढला, काडेपेटीशेजारी ठेवला. काडेपेटीतही जमीन कोरीच होती. ब्रश धुऊन टाकला.

अडचणी आहेत. काकांचा डावा अंगठा चुकलाय, तो अंगठा कुणाचाच नाही. हंड्याची लंबवर्तुळं वाकडी आहेत. आणि स्केच ते स्केचच, त्यातला तो टेम्पो यायच्या आधीचा घाईघाईचा ताण यात नाही. यात दुसरंच काहीतरी आहे, जरा शांत. आईच्या दुपारच्या झोपेच्या जवळचं असेल कदाचित. तिने अजून बघितलेलं नाही.

फोटो टाकतेय.


मातीतला | २९ सप्टेंबर, सकाळी ६:४०

अंगठा राहू दे. बोटं भांडं फिरवतायत.


रेशीमटाका | २९ सप्टेंबर, दुपारी १२:१५

मी फोटो नातवाकडून मोठा करून बघितला. आवाज आला हो.


तिसरी_घंटा | २९ सप्टेंबर, दुपारी १:००

कडक! ते दोन फिकट हात म्हणजे आमच्या पहिल्या दिवसाचं ते एक उरलेलं वाक्य.


कसब्यातली | २९ सप्टेंबर, दुपारी २:३५

काकांना दाखवलंत का? नसेल तर मी घेऊन जाते फोनवर. आणि आईंना साठीनंतर एकदा इकडे घेऊन या. दुपारी या, तेव्हा कामं चालू असतात.


खडूफळा | २९ सप्टेंबर, संध्याकाळी ५:३०

लंबवर्तुळं वाकडी आहेत. त्यांचा सराव करा, त्याला पर्याय नाही. बाकी मला काही म्हणायचं नाही.

फ्रेम कुठे देताय?


रेघोट्या | ३० सप्टेंबर, रात्री ९:४५

आजच देऊन आले. फ्रेमवाल्या दादांनी चित्र काउंटरवर पसरलं, खालच्या कोऱ्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "ताई, घाई नाहीये आपल्याला. पूर्ण झालं की आणा."


मूकवाचक | ३० सप्टेंबर, रात्री ९:५०

=)) =)) =))


खडूफळा | १ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावायला सांगा, किमान दोन इंच. नाहीतर कागद काचेला टेकतो, पुढच्या पावसाळ्यात तिथे ओल धरते आणि बुरशी येते. काच साधीच घ्या, मॅट घेतलीत तर तुमचा काळोख पांढुरका दिसेल. आणि काळोखात कुठे अलिझरिन क्रिमझन हा लाल रंग वापरलाय का? असेल तर खिडकीसमोर लावू नका, तो उन्हाने उडतो.


रेघोट्या | १ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

नाही सर, सिएना आणि अल्ट्रामरीनच. माउंट अडीच इंच सांगितलंय. काच मॅट सांगून आले होते, आता फोन करून बदलते.